पहिल्या तासाचं शहाळं

वन्सं,

तुम्हाला जाऊन आज सहावा दिवस. सकाळी मी दुधी चिरला, उकडला, ते पाणी मोरीत ओतलं, नवं पाणी घालून पुन्हा उकडला, तेही ओतलं, आणि मग चाळणीतल्या त्या पांढऱ्याफटक फोडींकडे बघत उभी राहिले. चार वर्षांची सवय. तुमच्या किडन्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नव्हतं, म्हणून ते भाजीतूनच काढून टाकायचं, चवीसकट. आज कोणासाठी काढलं, ते माझं मलाच सांगता येईना. ह्यांच्या, म्हणजे तुमच्या भावाच्या, पानात तीच भाजी वाढली. एरवी नाक मुरडलं असतं. आज दोनदा मागून घेतली.

भेटायला माणसं येताहेत. ओटीवर बसतात, पंख्याखाली घाम पुसतात, तुमच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "सुटल्या हो." मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "आणि तूही सुटलीस गं बाई. किती केलंस!" मी मान हलवते. पण खरं सांगते, परवा शेजारच्या कुमुदताई असं म्हणाल्या तेव्हा हातातला पाण्याचा पेला त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. कशातून सुटले मी? तुम्ही असतात तर तिथल्या तिथे सुनावलं असतंत. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, तुमच्या तोंडी कोण लागणार! मला मात्र उत्तर नेहमी दोन दिवसांनी सुचतं, तेही आंघोळ करताना.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात, "तू हे सगळं का करतेस?" एकदा नाही, चार वर्षांत तीन-चारदा, वेगवेगळ्या सुरांत. मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुम्ही गेलात आणि प्रश्न इथेच राहिला, तुमच्या चष्म्याशेजारी. पेपर उशिरा देते आहे. मार्क कापायचे तर कापा.

आपलं पहिल्यापासून सख्य होतं असं इथे कोणी म्हणालं, तर तुम्हीच ते वाक्य खोडाल. मी महाडहून लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हा तुम्ही अडतीस वर्षांच्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, घरात आणि शाळेत दोन्हीकडे दरारा असलेल्या. पहिल्याच महिन्यात मी वाण्याची यादी लिहिली. तुम्ही ती लाल पेनाने तपासून खाली सही केलीत आणि तशीच दुकानात पाठवलीत. वाण्याने ती बघून विचारलं, "सूनबाई पास की नापास?" मी आठ दिवस त्या दुकानात गेले नाही. पाठीमागे मी तुम्हाला हेडबाई म्हणायची. तुम्हाला ते ठाऊक होतं. आपल्या घरात पंचवीस वर्षं चहाची दोन पातेली होती, कारण तुम्हाला माझ्या चहातलं आलं चालायचं नाही आणि मला तुमचा तो नुसता गोड रंगीत पाण्याचा चहा.

आणि मग तुमचे पाय सुजायला लागले. ब्लडप्रेशरची गोळी तुम्ही कित्येक वर्षं मनाला येईल तेव्हा घेत होतात. "मला काही होत नाही" हे तुमचं पालुपद. माणगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि आता ते जन्मभर. ह्यांची नोकरी पनवेलला, शनिवारी येऊन रविवारी जाणार. आमचा मुलगा निखिल पुण्यात. घरात उरलो तुम्ही, मी आणि वाडी. कोणी मला विचारलं नाही की तू करशील का. मीही कोणाला विचारलं नाही की मी का करू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचं अंथरूण खालच्या खोलीत आणून घातलं आणि काम सुरू झालं.

आता ती गोष्ट लिहिते, जी तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

पहिलं डायलिसिस झाल्यावर आपण घरी आलो. डॉक्टरांनी एक कागद दिला होता, काय खायचं, काय नाही. मी तो घडी घालून फाइलमध्ये ठेवला. वाचायचं काय त्यात? आपल्याकडे माणूस आजारी पडलं की काय द्यायचं हे जन्मल्यापासून ठाऊक असतं. शहाळं. वादळाने निम्मी वाडी आडवी केली, पण विहिरीकडचा माड उभा राहिला होता आणि त्याच्यासारखं गोड पाणी अख्ख्या आळीत नव्हतं. मी तुम्हाला त्याची शहाळी द्यायला लागले. सकाळी एक, अकराला एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या हातचं काही खळखळ न करता घेत होतात. मला त्याचा इतका आनंद झाला होता की चौथ्या दिवशी मी पाच दिली.

पाचव्या दिवशी सकाळी तुमचे पाय उचलेनात. हातही गळाले. बोलणं घोगरं झालं. भाड्याच्या गाडीवाल्या हमीदभाईंनी गाडी अशी हाकली की म्हसळ्याच्या वळणांवर मला देव आठवले. तिथे पोचल्यावर डॉक्टरांनी मशीनवरची हृदयाची रेघ बघितली आणि ओरडलेच, "यांनी काय घेतलंय?" मी तोंड उघडलं. तुम्ही नाकावरचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "शहाळी. मीच मागून घेतली. ही नको नको म्हणत होती."

नंतर हे धावत पनवेलहून आले. "कोणी दिली शहाळी?" म्हणून माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही पलंगावरून, डोळे मिटलेले ठेवून म्हणालात, "माझ्या घरच्या माडाचं पाणी प्यायला मला कोणाची परवानगी लागते का रे?" विषय संपला. मी बाहेरच्या बाकावर बसून फाइलमधला तो कागद काढला. शहाळं तिसऱ्या ओळीत होतं, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या.

तर वन्सं, पहिलं उत्तर हे. पहिलं वर्षभर मी जे केलं ते प्रेमाने केलं नाही. भीतीने आणि लाजेने केलं. माझ्या हातून तुम्ही जवळजवळ गेला होतात आणि तुम्ही ते अंगावर घेतलंत, मला एका शब्दाने न दुखवता. मी तो कागद पाठ केला. भाज्या दोनदा उकडायला लागले. तुमची दिवसाची पाण्याची बाटली, तिच्यावर खुणा. आणि घरातलं खोबरं बंद. नारळाच्या वाडीतल्या घरात आमटीला वाटण नाही, उसळीला नाही, पोह्यांवर चिमूटभरही नाही. आधी मी तुमचं वेगळं करायची. मग तुमच्यासमोर बसून खोबरं घातलेलं खाववेना, म्हणून सगळ्यांचंच बंद केलं. हे शनिवारी आले की म्हणायचे, "कोकणात राहून काय कर्म हे!" तुम्ही म्हणायचात, "पनवेलला खानावळ आहे ना? तिथे जेवून येत जा." तेव्हा मला हसू यायचं. तुम्ही माझ्या बाजूने बोलताय याची सवय व्हायला वेळ लागला.

दुसरं उत्तर त्याहून लाजिरवाणं आहे. मला ते आवडायला लागलं. तुमचं दुखणं नव्हे, माझं महत्त्व. ह्या घरात माझ्या शब्दाला कधी वजन नव्हतं. पापडाच्या पिठापासून निखिलच्या कॉलेजपर्यंत सगळं तुम्ही आणि हे ठरवणार. आता मात्र हे मला फोन करून विचारायचे, "क्रिएटिनिन किती आलं? पुढे काय करायचं?" डॉक्टर मला नावाने ओळखायचे. नर्स सिस्टर नवीन पेशंटच्या बायकांना माझ्याकडे पाठवायच्या, "यांना विचारा, यांना सगळं येतं." मी चालवत असलेली बालवाडी सोडली तेव्हा तुम्ही किती संतापलात! "माझ्या नावावर हे बिल फाडू नकोस," म्हणालात. मी सगळ्यांना सांगितलं, वन्संसाठी सोडली. खरं म्हणजे बालवाडीत मला कोणी "यांना सगळं येतं" असं म्हटलं नव्हतं. आणि गावात, देवळात, लग्नाकार्यात, "नणंदेचं एवढं कोण करतं हो आजकाल" हे कानावर पडलं की मी खाली बघायची, पण आतून मला बरं वाटायचं.

मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी साडेसहाला हमीदभाई फाटकाशी गाडी लावणार. तुम्ही त्यांच्या मुलीला शिकवलेलं, त्यामुळे तुम्ही मास्तरीणबाई आणि मी नुसती बाय. निघण्याआधी मी तुमच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. डायलिसिससाठी तिथल्या नसा जोडून फिस्टुला केला होता; तो चालू असला की बोटांना आत थरथर लागते, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी. रोज सकाळी, माणगावला जायचं असो नसो, चहाच्या आधी ते बघायचं. "आहे का जागेवर?" तुम्ही विचारायचात. "आहे." "मग चहा टाक." दोन पातेल्यांचं एक कधी झालं ते आठवत नाही. आलं मीच सोडलं.

गाडीत तुम्ही मला पेपर मोठ्याने वाचायला लावायचात. चुकलं की थांबवायचात. अग्रलेख झाला की कोडं. म्हसळ्यापर्यंत आडवे शब्द, तिथून पुढे उभे. मला एवढ्या वर्षांत घरात कोणी बसवून काही शिकवलं नव्हतं. येताना तुम्ही थकून डोळे मिटून बसायचात आणि तुमचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर यायचं. जागेपणी तुम्ही ते कधीच होऊ दिलं नसतंत.

आणि शहाळी? ती तर येतच राहिली. आजारी माणसाला बघायला येणारा कोणीही आपल्याकडे रिकाम्या हाताने येत नाही. कोणी दोन आणणार, कोणी चार. "प्यायला द्या हो, ताकद येईल." मी सगळ्यांना सांगून दमले. ओटीच्या कोपऱ्यात ती तुमच्या डोळ्यांसमोर पडून असायची. फेकवायची नाहीत. मग मी न्हाणीघराच्या मागे जाऊन, कोयत्याने तोंड उडवून, उभ्या उभ्याच पिऊन टाकायची. पदराने तोंड पुसून आत आले की तुम्ही खुर्चीतून विचारायचात, "गोड होतं का गं?"

"छे, पाणचट होतं."

"हूं. मग संपवलंस कशाला?"

कोयत्याचा आवाज तुम्हाला ऐकू यायचा हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी तुमच्यासमोर कधी प्यायले नाही आणि तुम्ही विचारणं कधी सोडलं नाहीत. नुसतं "पाणचट" ऐकून तुमची तहान भागत नव्हती. पण मी असं सांगितलं की तुम्ही मागे टेकून बसायचात, म्हणून सांगत राहिले.

सेंटरवर नियम थोडा ढिला होता. मशीन लावल्यावर पहिल्या तासात दोन घास मनासारखे खाल्ले तर मशीनच ते धुऊन काढतं, म्हणून सिस्टर काणाडोळा करायच्या. सगळे पेशंट त्याची वाट बघायचे. कोणी केळं आणायचं, कोणी बटाट्याची भजी. गणपतीत मी तुमच्यासाठी डब्यातून दोन मोदक नेले होते. तुम्ही मोदकाचं नाक आधी खाल्लंत, लहान मुलीसारखं, आणि मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना म्हणालात, "आमच्या वसुधाच्या कळ्या जरा जाड होतात, पण सारण उत्तम." वर्षाचा निकाल होता तो. मी पास झाले होते.

त्याच खाटेपाशी ते भांडण झालं. एक कॉलेजातली मुलगी छापील प्रश्नावली घेऊन आली होती, पेशंटचं घरी करणाऱ्या माणसांसाठी. वय, नातं, किती तास, झोप लागते का. शेवटचा प्रश्न: तुम्ही रुग्णाची काळजी का घेता? खाली चार चौकोन. कर्तव्य. प्रेम. धर्म. दुसरं कोणी नाही. एकावरच खूण करायची. मी किती वेळ पेन धरून बसले. प्रेम लिहायला लाज वाटली, तुम्ही समोर होतात. कर्तव्य लिहिलं तर तुम्हाला ओझं वाटेल. शेवटी मी "दुसरं कोणी नाही" वर खूण केली, कारण त्यात कोणाचा काही दोष नव्हता आणि ते नुसतं खरं होतं.

पण उलटा धरलेला पेपर वाचण्यात तुमचा हात कोण धरणार! परतीच्या वाटेवर, घाट उतरल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणालात, "लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून, असा चौकोन नव्हता का गं त्या कागदावर?"

वन्सं, ते लागलं. अर्धं खरं होतं म्हणूनच लागलं. मी म्हणाले, "तुमचं तोंड धड असतं तर आज तुम्हाला माझ्याशिवाय दुसरं कोणीतरी असतं." हमीदभाईंनी आरशातून मागे बघितलं. मी अकरा दिवस तुमच्याशी बोलले नाही. भाज्या उकडल्या, गोळ्या दिल्या, तीनदा माणगावला नेऊन आणलं, पण पेपर वाचला नाही. तिसऱ्या फेरीला हमीदभाई कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आजपन रेडू बंदच हाय वाटतं." तरी रोज सकाळी मी तुमच्या मनगटावर बोटं ठेवत होते. तुम्हीही हात पुढे करत होतात. "आहे का" विचारायचं तेवढं बंद होतं. बाराव्या दिवशी मी न्हाणीघरामागून तोंड पुसत आले आणि तुम्ही म्हणालात, "गोड होतं का?" आपलं भांडण तिथे थांबलं. मिटलं नाही. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही आणि आता बोलणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. हे सांगितलं नाही तर बाकी सगळं खोटं ठरेल. माझ्या भाचीचं लग्न होतं, माझ्या सख्ख्या बहिणीची एकुलती एक. शुक्रवारी आलं. ह्यांना म्हटलं, एक दिवस तुम्ही न्या वन्संना. ऑफिसात ऑडिट होतं. मी गेले नाही. सेंटरवर स्टुलावर बसून फोनवर मंगलाष्टका ऐकत होते. चित्र सारखं अडकत होतं. तुम्ही झोपला होतात, तोंड अर्धवट उघडं. आणि मी तुमच्याकडे बघून मनात म्हणाले, ही कधी जाणार? अगदी ह्याच शब्दांत. ही. एकेरी.

तुम्ही डोळे उघडलेत. "लागलं का लग्न?" विचारलंत. मग सुया नसलेला उजवा हात उचलून माझ्या फोनवर धरलात, आशीर्वादाचा, आणि तो बराच वेळ खाली घेतला नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्हाला वाटलं, लग्न चुकलं म्हणून. आता कुमुदताई जेव्हा म्हणतात "तूही सुटलीस," तेव्हा मला तो शुक्रवार आठवतो. कोणीतरी माझ्या मनातलं ऐकलं होतं आणि आता ते मला ऐकवताहेत, असं वाटतं.

गेला सोमवार. मे महिन्याचा उकाडा, पान हलत नव्हतं. तुमची पाण्याची बाटली बाराच्या आत संपली होती. बर्फाचा खडा दिला, तोही संपला. दुपारी नारळ काढणारा आला आणि विहिरीकडच्या माडावर चढला. तुम्ही पडवीत खुर्चीवर होतात. पहिलं शहाळं खाली धप्पकन पडलं आणि तुम्ही म्हणालात, "विहिरीकडचा ना? एक घोट दे गं वसुधा. फक्त एक. जीभ ओली होईल एवढा."

शुक्रवार ते मंगळवार, हा चार दिवसांचा पल्ला सगळ्यात वाईट. रक्तात सगळं साठत आलेलं असतं. मी म्हणाले, "उद्या. मशीनवर बसलात की पहिल्या तासात देते. सिस्टरना मी सांगते. चांगले दोन घोट देते."

तुम्ही घड्याळ बघितलंत. "आत्ता दोन वाजलेत. मशीन नऊला लागतं. एकोणीस तास."

"एकोणीस तास काय, झोपेत निघून जातील."

तुम्ही वाद घातला नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं.

मंगळवारी मी शहाळं पिशवीत घातलं, छोटा कोयता फडक्यात गुंडाळून घेतला. मनगट बघितलं. थरथर होती, जरा मंद. "आहे का जागेवर?" "आहे." गाडीत पेपर वाचला. कोड्यातला सहा अक्षरी शब्द तुम्हाला आला नाही, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. "दमल्यासारखं झालंय," म्हणालात, आणि जाग्या असताना, समजून उमजून, डोकं माझ्या खांद्यावर ठेवलंत. पहिल्यांदा. मी पेपर हलवायचा नाही म्हणून तसाच धरून बसले. म्हसळ्याच्या अलीकडे रस्त्यात गुरं आली, गाडी थांबली, आणि सवयीने माझी बोटं तुमच्या मनगटावर गेली. तिथे काहीच नव्हतं. मी बोटं जरा वर सरकवली, जरा खाली. पुन्हा पहिल्या जागी आणली. मग हमीदभाईंना म्हणाले, "आता घाई करू नका." साडेसात वाजले होते. दीड तास उरला होता.

डॉक्टरांना मी नंतर फोनवर विचारलं. ते म्हणाले, एका घोटाने काही वाईट झालं नसतं, आणि तो दिला नाहीत म्हणूनही काही झालेलं नाही, त्यांचं हृदयच थकलं होतं. माझी समजूत काढायला ते तसं म्हणाले. मी तेव्हापासून तो घोट तुम्हाला देते आहे. मनातल्या मनात, दिवसातून कितीदा तरी, दर वेळी सोमवारचे दोन वाजलेले, पडवीत.

आज दुपारी हमीदभाई आले. पायरीवरच उभे राहिले. चहा नको म्हणाले. हातातली पिशवी पुढे केली. "बाय, ह्यो नारल ऱ्हायला व्हता गाडीत. त्या मंगलवारपासना सीटखाली. मना वाटला, मास्तरीनबायचा हाय, असा कसा टाकू." मग म्हणाले, "शुक्रवारी सकालचे साडेसहाला गाडी काढून फाटकाशी येऊन उभा व्हतो मी. मग याद आली." मी म्हटलं, "मला ऐकू आली होती गाडी. मीही पर्स घेऊन उठले होते." ते गेले.

शहाळं जरा सुकलं होतं, देठाशी काळपट. मी कोयता घेतला आणि न्हाणीघराकडे निघाले. अर्ध्या वाटेतून परत फिरले. पडवीत आले, तुमच्या खुर्चीसमोर खाली बसले आणि तिथेच ते फोडलं. हे दारात येऊन बघत होते.

तर हे शेवटचं उत्तर. भीती होती, लाज होती, मोठेपणाची हौस होती, दुसरं कोणी नव्हतं, हे सगळं खरं आहे आणि सगळं मिळून चार वर्षं पुरलं नसतं. दुसऱ्याच वर्षी संपलं असतं. पुढे मी केलं ते मला तुम्ही हव्या होतात म्हणून. माझी यादी तपासायला, कोडं सोडवायला, मला वसुधा म्हणून हाक मारायला, भांडायला. सोमवारी मी नाही म्हणाले तेही त्याचसाठी. मला आणखी एक शुक्रवार हवा होता. तुमच्या भल्यासाठी नाही हो, माझ्यासाठी. एवढं साधं होतं आणि मला ते त्या छापील कागदावर खूण करून सांगता आलं नाही. चौकोन होता तिथे. मी लाजले.

चार दिवसांनी हे हरिहरेश्वरला तुमचं दहाव्याचं करतील. तिथे सगळे विचारतील, त्यांना काय आवडायचं, पानात काय ठेवायचं. मी सांगेन. पण त्याआधी हे तुम्हाला एकटीला सांगायचं होतं.

वन्सं, मी चार वर्षं खोटं बोलले. सगळी शहाळी गोड होती. विहिरीकडची तर इतकी गोड की संपवल्याशिवाय राहवायचं नाही. तुमच्यापासून लपवून प्यायलेलं एकही पाणचट नव्हतं.

आजचं तुमच्यासमोर बसून प्यायले, पहिल्यांदा. हे मात्र खरंच पाणचट होतं.